सुबाभळीआडचा बोर्ड

बुटीबोरीच्या अलीकडे हायवेवर एक वळण आहे. तिथे पोचेपर्यंत संघपाल गाडीतल्या मिलच्या बायकांशी बडबडत असायचा, आणि वळण दिसलं की त्याचं तोंड बंद व्हायचं. बावीस वर्षं तो गाडी चालवत होता. कुणाला साधा धक्का लावला नव्हता. पण गेल्या दिवाळीपासून एका बोर्डानं त्याची पाचावर धारण बसवली होती.

बोर्ड चाळीसचा. रस्त्याचं काम चालू होतं तेव्हा लावलेला. काम संपून वर्ष उलटलं, मजूर गेले, मशिनी गेल्या, बोर्ड तेवढा कुणी नेला नाही. आता सुबाभळीनं तो पुरता झाकून टाकला होता. म्हणजे सगळ्या हायवेवर ऐंशीनं धावा, आणि इथे न दिसणाऱ्या बोर्डाचा मान राखून चाळीसवर या. नाही आलात, तर पुढे झाडीत उभी असलेली पोलिसांची पांढरी गाडी तुमचा स्पीड मोजून फोटो काढणार. कुणी थांबवणार नाही, विचारणार नाही. दुपारी चालान मोबाइलवर. तितरासाठी फासा लावून बसतात, त्यातलाच हा प्रकार.

त्यातही गंमत अशी, की चालान संघपालच्या मोबाइलवर येतच नसे. सेकंडहँड व्हॅन घेताना एजंटनं नंबर विचारला, तेव्हा यानं मोठ्या ऐटीत मुलीचा, मेघाचा दिला होता. इंग्रजी मेसेज तिलाच समजतात म्हणून. त्यामुळे कॉलेजात बसलेल्या पोरीला बापाचे गुन्हे आधी कळायचे. आता तिचा फोन वाजला तरी संघपाल दचकायचा. नागपूरजवळच्या बेसामधल्या दोन खोल्यांत बाप-लेक दोघंच राहत.

दोन चालानं झाली होती. गाड्या पुरवणारा ठेकेदार गिरिधर दर एक तारखेला प्रत्येक गाडीचा नंबर टाकून पाहायचा. तिसरं चालान दिसलं की गाडी बंद. मिलच्या अकरा बायकांची ही फेरी गेली, तर संघपालकडे दुसरं काम नव्हतं.

ड्रायव्हरांनी आपली सोय केली होती. समोरून येणारा हेडलाइटचा डिपर दोनदा मारायचा. म्हणजे पांढरी गाडी उभी आहे, जपून. एका सोमवारी कुणीच डिपर मारला नाही. संघपाल निर्धास्त सत्तरवर होता, आणि अचानक झाडीत पांढरं काहीतरी दिसलं. त्यानं ब्रेकवर पाय आदळला. मागे बसलेल्या प्रयागबाईंचं कपाळ पुढच्या सीटच्या दांड्यावर आपटलं. जवळ जाऊन पाहतो तर दुधाची गाडी. ड्रायव्हर पंक्चर काढत होता.

"लागलं का, मावशी?"

"लागलं नाही तर काय," प्रयागबाई पदरानं रक्त पुसत म्हणाल्या. "रस्त्याकडं पाहत जा गा. तू त झाडाकडं पाहून राहिला."

संघपालला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या गाडीत रक्त सांडलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तो वळणाच्या कितीतरी आधीच स्पीडचा काटा चाळीसवर आणून ठेवू लागला. मागून ट्रक हॉर्न वाजवत अंगावर यायचे. बायका रोज गेटवर उशिरा पोचायच्या आणि बोलणी खायच्या. तरी त्याचा पाय हलला नाही.

महिना संपला. संध्याकाळी मेघा भाकरी थापत होती.

"उद्या एक तारीख आहे. नवं चालान आलं का, एकडाव मोबाइलात पाहून सांग ना वं," संघपाल म्हणाला.

मेघाचा हात थांबला. "पाहाले काय लागते, बाबा? तिसरं आलं. बारा दिवस झाले."

"काहून नाही सांगितलं?"

"दुसरं आलं तवा तुमी तीन दिवस जेवले नव्हते. तशीच गाडी चालवून राहिले होते. मले भेव वाटलं."

"किती स्पीड लिहिला आहे?"

"सेहेचाळीस."

बारा दिवसांपूर्वी तर तो चाळीसवरच होता. मागून ट्रक शिव्या देत होते, आणि हा नजर न हलवता काट्याकडे पाहत होता. जुन्या गाडीचा काटा. तो सहानं कमी दाखवत होता, आणि यानं त्यावर डोळे मिटून भरवसा ठेवला होता.

"बारा दिवस एकटीच भेत होती का, माय?"

मेघानं मान डोलावली. तव्यावरची भाकर करपली.

सकाळपर्यंत थांबणं संघपालला झेपलं नसतं. त्यानं स्वतःच गिरिधरला फोन लावला आणि सांगून टाकलं.

"माह्या हातात काही नाही गा," गिरिधर म्हणाला. "उद्या दुसरी गाडी पाठवतो."

"ठीक आहे साहेब. फक्त त्या ड्रायव्हरले सांगजा, सुबाभळीपाशी बोर्ड आहे. दिसत नाही, पण आहे. आन् ब्रेक हळू मार म्हणा, मांगं प्रयागबाई बसते."

मग तो पानावर बसला. कित्येक दिवसांनी त्याला सपाटून भूक लागली होती. दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मागितली. मेघानं वाढली. ती समोरच बसून बापाकडे पाहत होती, आणि तिनं स्वतःच्या ताटाला हात लावला नव्हता.