ताई सिंहांकडे गेली

इस्पितळाच्या तळघरात, धुलाईखान्याला लागून, शिवणखोली होती. वर वॉर्डात जे जे फाटेल ते तिथे उतरायचं. बंद तुटलेले झगे, उसवलेल्या खिशांचे एप्रन आणि चादरींचे ढीगच्या ढीग. चादर मधोमध विरली की ती उभी फाडायची, चांगल्या कडा आत घेऊन मधे जोडायच्या आणि विरलेला भाग बाहेर काढून दुमडायचा. मग ती आणखी काही महिने तग धरते. अशा चादरी जोडण्यात ताईचं नोकरीचं सगळं आयुष्य गेलं.

सख्खी ताई ती दोघांचीच, एका भावाची आणि एका धाकट्या बहिणीची. पण धुलाईखान्यातले, लिफ्टवाले, एवढंच काय, तिच्याहून वयाने मोठी मेट्रनही तिला ताईच म्हणायची. वडील लवकर गेले, आईने अंथरूण धरलं, आणि भावाचं शिक्षण, बहिणीचं लग्न, आईचं दुखणंखुपणं सगळं ताईच्या गळ्यात आलं. तिच्या स्वतःच्या लग्नाचं आधी 'बघू पुढच्या वर्षी' झालं आणि नंतर तो विषयच कुणी काढेना. ताईनेही काढला नाही. ती पडेल ते काम करणारी होती, पण मुळूमुळू रडणारी मुळीच नव्हती.

निवृत्त झाली त्याच आठवड्यात भावाने तिला घरी बोलावलं. चहा झाला. भावजय कप उचलायच्या निमित्ताने तिथेच घुटमळली. धाकटी खास गाव ओलांडून आली होती, म्हणजे काहीतरी शिजत होतं हे ताईने ओळखलं.

"ताई, आता तू मोकळीच आहेस," भाऊ म्हणाला. "सासूबाई आता आमच्याकडेच असतात, त्यांना घरात एकटं ठेवता येत नाही. तू तुझी खोली सोड आणि इकडेच राहायला ये. आम्ही ठरवलंय."

"आम्ही म्हणजे कोण कोण?"

"सगळ्यांनी मिळून."

"त्या सगळ्यांत मी कुठे बसले होते?"

धाकटी म्हणाली, "ताई, शब्दात नको गं पकडू. तुझ्याच सोयीचं बघतोय."

ताईने कप खाली ठेवला. "मला जमणार नाही. पुढच्या महिन्यात मी सिंहांकडे चाललेय."

भावजयीने नवऱ्याकडे बघितलं. "हे सिंह कोण? तुमच्या ओळखीतले का?"

"प्राणी," ताई म्हणाली. "आयाळवाले."

झालं होतं ते असं. वर्षभरापूर्वी हाडांच्या वॉर्डात पाय मोडलेली एक बाई आली होती. तिच्या प्लास्टरवरून चढेल अशी विजार करून द्यायला ताई मापं घेऊन वर गेली. बाई सिंहांवर संशोधन करणारी निघाली. तिच्या कामाला दरवर्षी साधी माणसं सुट्टी काढून मदतीला येतात, जीपमधून फिरतात, सिंह हुडकतात, ओळखतात, असं तिने सांगितलं. ताईने विजार दोनदा नव्याने करून दिली, ती केवळ आणखी ऐकायला मिळावं म्हणून. शेवटी तिने विचारलं, "माझ्यासारखीला घ्याल?" बाई म्हणाली, "डोळे चांगले आणि धीर असेल तर कुणालाही." त्या दिवसापासून ताईने मनात गाठ मारून ठेवली होती.

"या वयात?" भाऊ म्हणाला. "वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, ताई."

"सिंहाला काय म्हटलेलं चालतं, ते तिथे जाऊन बघते."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना कुठे खातोय तो? जाणार मी आहे."

आणि ती गेली.

मुक्काम म्हणजे कमरेएवढ्या वाळक्या गवतात मांडलेले तंबू, पत्र्याखालचं स्वयंपाकघर आणि पाठीला धक्के देणारी जीप. ताईसोबत बँकेतून निवृत्त झालेले एक काका, त्यांच्या मिसेस आणि सतत टोपी हरवणारा एक इंजिनियर, एवढे मदतनीस होते. काम वरवर सोपं. सिंहाच्या मिशांच्या मुळाशी काळे ठिपके असतात आणि त्यांची ठेवण प्रत्येकाची निराळी. फोटो काढायचा, जुन्या फोटोंशी ताडून बघायचा, आणि हा कोण ते ठरवायचं.

पहिली सिंहीण दिसली ती काटेरी झुडपाखाली पोट वर करून पडलेली. ताईला वाटलं होतं आपण घाबरू. तसं काही झालं नाही. सिंहिणीने डोळे किलकिले करून जीपकडे बघितलं, जांभई दिली आणि तोंड फिरवलं. इतक्या वर्षांत ज्याला आपल्याकडून काहीही नको आहे असा हा पहिलाच जीव, असं ताईच्या मनात आलं, आणि तिला एकदम हलकं वाटलं.

चूकही तिने लवकरच केली. दोन सख्ख्या बहिणींची अदलाबदल करून ठेवली. बाई मुक्कामावर आली की कडक असायची. "ताई, अशाने मेलेली सिंहीण आमच्या नोंदींत वर्षानुवर्षं जिवंत राहते," ती सगळ्यांसमोर म्हणाली.

ताईचे कान तापले. "चुकलं. पुन्हा दाखवा," ती म्हणाली, आणि दुपारभर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ठिपके बघत बसली.

खरी पंचाईत वेगळीच झाली. काकांची मच्छरदाणी फाटली होती, ती ताईने सहज शिवून दिली. हात लागला तो लागलाच. दुसऱ्या दिवशी मिसेसनी सुटलेली शिवण आणली, इंजिनियरने बटण, ड्रायव्हरने सीटचं कव्हर. प्रत्येकजण "ताई, एवढंच हं" म्हणायचा. एका सकाळी जीप निघायच्या वेळी बाई म्हणाली, "आज यंत्रं जास्त आहेत, जागा कमी पडेल. ताई, तुम्ही थांबता का इथे? जेवणाच्या तंबूचा पडदा फाटलाय, आणि तुमच्या हाताची सर दुसऱ्या कुणाला नाही."

ताईच्या हातात तेव्हाही कुणाची तरी पँट होती. तिने सुई कापडात खोचली आणि पँट घडी घालून खुर्चीवर ठेवली.

"नाही थांबणार," ती म्हणाली.

"फक्त आजच्या दिवस."

"फक्त आजच्या दिवस म्हणत माझी अख्खी नोकरी झाली. शिवायचंच असतं तर तळघर काय वाईट होतं? निदान पंखा होता. हा दोरा, ही सुई. ज्याचं फाटलंय त्याने शिवावं. येत नसेल तर संध्याकाळी शिकवते. आत्ता मी जीपमध्ये बसणार."

काका आपल्या चपलांकडे बघत राहिले. बाईच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग तो ओसरला. "मागे दाटी होईल," ती म्हणाली.

"होऊ दे."

मांडीवर यंत्रांची एक पेटी आणि पायाशी दुसरी, अशी ताई बसली. दर खड्ड्याला तिचे गुडघे पेटीवर आपटत होते.

दोनच दिवसांनी भावाचा फोन आला. फोन फक्त पाण्याच्या टाकीच्या चढावर लागायचा, तिथे उभं राहून ती बोलली.

"सासूबाई पडल्या. उद्याच्या उद्या निघ."

"हाड मोडलंय का?"

"मुका मार आहे. पण उठवायला-बसवायला माणूस नको का?"

"तू आहेस. तुझी बायको आहे, त्यांच्या पोटची मुलगी आहे ती. नाही जमलं तर नर्स मिळते, इस्पितळात विचार, माझं नाव सांग."

"ताई, तू अशी नव्हतीस."

"असेन. कुणी नीट बघितलं नसेल," ती म्हणाली आणि फोन ठेवला. रात्री तिने ताट तसंच बाजूला सारलं. पण सकाळी जीप निघाली तेव्हा ती सगळ्यांच्या आधी जागेवर बसलेली होती.

त्या सकाळी आयाळवाला दिसला. तो जीपला अगदी खेटून उभा राहिला आणि ओरडला. ताईचा तळवा जीपच्या पत्र्यावर होता. आवाज कानात शिरायच्या आधी तळव्यात शिरला, मग दंडात, मग छातीत. तो ओरडतच राहिला. आयुष्यभर 'हळू बोला, पेशंट झोपलेत' ऐकलेली ताई ड्रायव्हरच्या कानाशी म्हणाली, "ह्याला कुणी हळू बोल म्हणत नाही ना?" ड्रायव्हरला हसू आवरेना. ठिपके मात्र त्या दिवशी तिने बरोबर ओळखले. दोन दिवसांनी परत चुकले.

घरी परतली तेव्हा घ्यायला कुणी आलं नव्हतं. तिने आपलं सामान आपण चढवलं. भावाने नर्स ठेवली होती आणि बोलणं टाकलं होतं. धाकटी आली, तासभर ताड ताड बोलली, आणि दम लागल्यावर म्हणाली, "फोटो आहेत का काही?" भावाचा अबोला लांबला. ताईला त्याचा त्रास झाला, नाही असं नाही. पण पुढल्या वर्षी तिने पुन्हा नाव दिलं, आणि त्याच्या पुढल्याही.

मधे एकदा ती आपणहून भावाच्या घरी गेली, सासूबाईंना भेटायला. भाऊ पेपरमागे लपला. म्हातारी पलंगावर नर्सबरोबर पत्ते खेळत बसली होती.

"आलीस नाहीस ते बरं झालं," ती म्हणाली. "तू आली असतीस तर मला बिचाऱ्या ताईचे उपकार आठवत मरावं लागलं असतं. ही बरी. हिला मी शिव्याही देते, ती मलाही देते."

नर्सने मान डोलावली.

"आता सांग," म्हातारी म्हणाली, "तो ओरडतो कसा? टीव्हीत दाखवतात तसा?"

"छे, तसा नाही."

"मग करून दाखव."

ताईने दाराकडे बघितलं, मग म्हातारीकडे. तिने पलंगाच्या लोखंडी कडेवर हात ठेवला, पोटातून श्वास घेतला आणि घर दणाणून सोडलं. बाहेर पेपर खाली पडला. भाऊ दारात येऊन उभा राहिला.

"काय चाललंय काय?"

"तुम्ही बसा हो बाहेर," सासूबाई म्हणाल्या. "ताई, परत एकदा. ह्या खेपेला मीही ओरडते तुझ्याबरोबर."