आईने ओळखलेली खरुची

पाऊस सरला की मी आईची दुर्बीण उन्हात ठेवते. तिच्या चामडी पट्ट्याचा बुरशीचा वास नाकात गेला, की मी चौलच्या आमच्या वाडीत, त्या ऑक्टोबरातल्या सकाळी जाऊन उभी राहते.

तेव्हा मी कॉलेजात होते. आई शाळेत जीवशास्त्र शिकवायची आणि दर वर्षी उत्तरेकडून येणाऱ्या शिकारी पक्ष्यांची वाट बघायची. त्याच उन्हाळ्यात, आम्ही लग्नाला गेलो असताना, शेजारच्या दिनूकाकांनी बांधावरचा आमचा आंबा तोडला होता. त्यावर समुद्री गरुडाचं घरटं होतं. आई त्यांना एका शब्दानेही बोलली नव्हती.

त्या सकाळी माडाच्या शेंड्यावर एक पाहुणा येऊन बसला. दिनूकाकांनी आपली लाडकी पांढरी कबुतरं कोंडूनच ठेवली होती. कुंपणाशी येऊन म्हणाले, "वैनी, तो कबुतरं धरील काय?"

आईने दुर्बीण लावून निवांत बघितलं. "खरुची आहे, भाऊजी. टोळ नि उंदीर खाते. सोडा खुशाल."

मग दुर्बीण माझ्याकडे दिली. गालावर काळ्या मिशा, रुंद छाती. तिनेच मला शिकवलेला बहिरी ससाणा, उडत्या कबुतरांचा काळ. मी तोंड उघडेपर्यंत खुराड्याचं दार वाजलं. थोड्याच वेळात आमच्या अंगणात पांढरी पिसं उतरू लागली.

"आई, तो बहिरी होता."

"आंब्यावरच्या घरट्यात पिल्लं होती," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

तेव्हा मी तिच्याशी कित्येक दिवस धड बोलले नाही. आता एवढंच वाटतं, की ते खोटं 'खरुची' तिच्याऐवजी मी म्हणायला हवं होतं.