बाज आवळून ये

फोन आला तेव्हा मी सहावीच्या वर्गात अपूर्णांक शिकवत होते. फोन विकासचा होता. विकास म्हणजे माझा नवरा. लेखात नाव घेते, घरात ‘अहो’च म्हणते. ‘जिजी गेली,’ एवढंच तो बोलला. जिजी म्हणजे माझ्या सासूबाई. दुपारचं जेवून त्या नेहमीसारख्या बाजेवर आडव्या झाल्या होत्या, आणि त्या दिवशी सुट्टी असल्यानं घरी असलेला विकास त्यांना चहाला उठवायला गेला, तर उठल्याच नाहीत. मी ‘बरं’ म्हणाले. फोन ठेवला, फळ्यावरचं गणित पूर्ण केलं, मग नळावर जाऊन माझा जेवणाचा डबा धुतला. झाकणाच्या खाचेतलं तेलसुद्धा बोटानं नीट काढलं. डबा पुसून पिशवीत ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की, आपल्याला घरी जायला हवं.

पुंडलिकनगरातलं आमचं घर माणसांनी भरून गेलं होतं आणि त्यातल्या एकालाही काय करावं ते सुचत नव्हतं. कुणी सतरंजी अंथरत होतं, कुणी तीच सतरंजी गुंडाळून दुसऱ्या खोलीत नेत होतं. विकास दारात पाण्याचा पेला धरून उभा होता. तो कुणाला द्यायचा हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि मला बघून तो मला द्यावा हेही त्याला सुचलं नाही. एवढ्या जणांना कामाला लावू शकेल असं त्या घरात एकच माणूस होतं, आणि ते निपचित पडलेलं होतं...

आता महिना होऊन गेला. भेटायला येणारे म्हणतात, ‘फार शांत बाई होत्या.’ मी मान हलवते, पण मनात म्हणते, काय सांगता! जिजी आणि शांत? कुकरची तिसरी शिट्टी झाली की स्वयंपाकघरातून ओरडायच्या, ‘फुटंल ना गं त्यो!’ गॅसचं बटण तीनदा बघून चौथ्यांदा मला बघायला लावायच्या. विकास कंपनीतून यायला दहा मिनिटं उशीर झाला की आधी गेटपाशी, मग गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहायच्या. चष्मा डोक्यावर असताना अख्खं घर चष्मा शोधायला लागायचं. मी त्यांच्यावर चिडायचे. तोंडावर कमी, पण भांडी जरा जोरात आपटून. त्यांनाही ते कळायचं, आणि मग त्या दुसऱ्या दिवशी कारळाची चटणी करायच्या, मला आवडते म्हणून.

अशा बाईला लोक शांत म्हणतात ते नऊ वर्षांपूर्वीच्या एका दिवसामुळे. तो दिवस आमच्या नात्यागोत्यात सगळ्यांनी इतक्यांदा ऐकलाय की, आता जो तो आपापल्या परीनं सांगतो. मी मात्र तो कधीच धड सांगू शकले नाही. तो दिवस माझा होता, आणि त्यात जिजींनी नेमकं काय केलं याचा मला आजही उलगडा झालेला नाही.

माझं पहिलं बाळंतपण. मी शिक्षिका, त्यामुळे सगळ्याचं वेळापत्रक केलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे चितेगावला आईकडे. तिथं डिंकाचे लाडू तयार, जवळचा दवाखाना ठरलेला, कुणी कुणाला फोन करायचा तेसुद्धा वहीत लिहिलेलं. तारखेला तीन आठवडे होते. शाळेत रजेचा अर्ज स्वतःच नेऊन द्यायचा, असा मी हट्ट धरला आणि एका रात्रीपुरती पुंडलिकनगरला आले. आईनं बजावलं होतं, जाऊ नको. पण ऐकेन तर मी कसली! दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना माझं पाणी गेलं. मी खाली बघत बसले. लाज वाटली, मग भीती, आणि मग, खरं सांगते, वहीचा राग आला. जिजींनी कप हातातून काढून घेतला आणि म्हणाल्या, ‘ऊठ. पिशवी घेते मी.’ त्यांचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. कुकरच्या शिट्टीला घाबरणारा आवाज तो नव्हताच.

उस्मानपुऱ्यातल्या एका लहान प्रसूतिगृहात आम्ही रिक्षानं गेलो. कळा सुरू झाल्या, पण पुढं काही सरकेना. दहाच्या सुमाराला आई चितेगावहून काळीपिवळी जीपमधून आली ती रडतच. माझी आई तशी खंबीर आहे, पण लेकीच्या कळा तिला बघवेनात. एकदा माझा हात धरायची, एकदा भिंतीला टेकून देवाची नावं घ्यायची, आणि प्रत्येक कळेला माझ्याआधी तीच ओरडायची. तिचं बघून मी घाबरायचे, माझं बघून ती घाबरायची. बारा वाजत आले तेव्हा जिजी म्हणाल्या, ‘इहीणबाई, एक अडचण झालीय बघा. लेकराला पहिलं कापड माहेरचं लागतं. जुनं, मऊ लुगडं. ते तर तुमच्याकडं चितेगावला राहिलं.’

आई म्हणाली, ‘आता? हिला सोडून जाऊ व्हय?’

‘अजून लई वेळ हाये. मी हाये ना हितं. पर कापडाबिगर लेकरू कशात घ्यायचं? रीतीला तुमच्याच घरचं पायजे.’

रीत म्हटल्यावर आई हरली. डोळे पुसत परत काळीपिवळीत बसली आणि वीस किलोमीटर मागं गेली.

मग दुपारी एकच्या आसपास डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. प्रत्येक कळेला बाळाचे ठोके कमी होत होते. नाळ मानेभोवती असावी, थांबता येणार नाही, ताबडतोब सिझर करावं लागेल, असं त्या म्हणाल्या. विकासनं सही केली. ती सही मी नंतर पाहिली, त्याच्या नावातलं एकही अक्षर ओळखू येत नव्हतं. मग तो नर्सला विचारायला लागला, पुन्हा पुन्हा तेच, ‘वाचतील ना? दोघंही?’ बाहेरून आवाज यायचा आणि इकडं मी अंगावर हिरवं कापड घालून घेत असताना ते ‘दोघंही’ माझ्या कानात घुमायचं. तेव्हा जिजींचा आवाज आला. अगदी सरळ, भाजी आणायला सांगावं तसा.

‘इकास, घरी जा. बाज सैल झालीय. बाळंतीण हितून आपल्याकडंच येनार, ती झोपंल कुठं? जा, बाज आवळून ये.’

‘जिजी, आत्ता बाज?’

‘मग कवा? पायथ्याची दोरी चांगली ताणून बांध. पानी मारून घे आधी. जा म्हन्ते ना.’

आणि तो गेला! माझं पोट फाडायला नेत होते आणि माझा नवरा बाज आवळायला घरी गेला. मला इतका संताप आला की, मी हिरव्या कापडातून हात बाहेर काढून जिजींना बोलावलं. जिजी आल्या, वाकल्या आणि मी काही बोलायच्या आत विचारलं, ‘काल चटणीत मीठ किती टाकलं व्हतं गं?’

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. कारळाच्या चटणीत. मीठ. मी रागानं दात आवळून म्हणाले, ‘दोन चमचे.’

‘म्हनूनच खारट झाली. दीडच टाकायचं असतं. कितींदा सांगितलं तुला.’

चाकाची गाडी आत जाईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. दोन चमचेच लागतात, यांच्या जिभेला चव कुठं आहे, आणि मी मरत असताना ही बाई मीठ मोजते... भूल देणारे डॉक्टर म्हणाले, पाठ वाकवा, हलू नका. मी हलले नाही. रागात माणूस ताठ होतं, पण का कोण जाणे, हलत नाही. भीती वाटायची राहूनच गेली.

ओवी झाली तेव्हा लगेच रडली नाही. तिला दोन दिवस काचेच्या पेटीत ठेवलं. पण जगली. आज ती माझ्यापेक्षा जास्त उलट बोलते. आई लुगडं घेऊन पोचली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं, आणि पेटीत ओवी एका मऊ, जुन्या, स्वच्छ धुतलेल्या कापडात गुंडाळलेली होती. ते कापड जिजींच्या पिशवीतलं होतं. त्यांच्याच जुन्या लुगड्याचं, चारी बाजूंनी शिवलेलं. आईनं ते बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. ‘कापड व्हतं ना तुमच्यापाशी. मग मला कशाला पाठवलं?’

‘व्हतं व्हय?’ जिजी पिशवीत बघत म्हणाल्या, ‘ध्यानातच नाय राहिलं.’

आईनं ते कधीच माफ केलं नाही. नातीचा जन्म तिला बघू दिला नाही, मुद्दाम घालवलं, असं ती आजही म्हणते. मी नऊ वर्षं दोघींच्या मधे उभी आहे. आईचं दुःख खरं आहे, तिच्या हक्काचा क्षण गेला. पण जिजी खोटं बोलल्या असं तरी कसं म्हणू? त्या विसरभोळ्या होत्याच. डोक्यावरचा चष्मा शोधणारी बाई पिशवीतलं कापड विसरू शकते. एखाद्या दिवशी वाटायचं, फार हुशार बाई, एकेकाला बरोबर बाजूला काढलं. दुसऱ्या दिवशी तीच बाई दारात पायपुसणं दिसत नाही म्हणून आरडाओरडा करायची आणि वाटायचं, छे, त्या दिवशी हिचं डोकंच चालत नव्हतं, सुचेल ते बोलत सुटली होती. मी विचारलं का नाही? दोनदा विचारणार होते. दोन्ही वेळेला त्यांनी मला गॅस बंद आहे का बघायला पाठवलं.

आणखी एक गोष्ट. दवाखान्यातून घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतू गेलं. पातेलंभर दूध, ओट्यावरून खाली. जिजी तिथंच फरशीवर बसल्या आणि हमसून हमसून रडायला लागल्या. तासभर. आई मला शेक द्यायला तिथंच होती. ती आणि मी एकमेकींकडं बघून हसलो. दुधासाठी एवढं? आई म्हणाली, ‘म्हातारी वेडी हाये गं तुझी.’ मीही हसले होते. ते हसू आता मला सहन होत नाही.

मी भुलीखाली होते, आई चितेगावच्या वाटेवर होती, विकास घरी होता. त्या पाऊण तासात दाराबाहेरच्या बाकड्यावर जिजी एकट्या होत्या. तेव्हा त्या काय करत होत्या, हे कुणालाच माहीत नाही. बघायला तिथं कुणी नव्हतंच. सगळ्यांना त्यांनीच काही ना काही काम दिलं होतं, मलासुद्धा. त्यांना कुणी काही काम दिलं नाही.

तेरावा झाल्यावर पाहुणे गेले आणि आम्ही वरची खोली आवरायला घेतली. बाज तिथंच होती. मी म्हणाले, ‘ही कुणाला तरी देऊन टाकू या. ओवी काही यावर झोपायची नाही.’ विकास बाजेच्या पायथ्याशी बसला आणि दोरीवरून हात फिरवला. मग म्हणाला, ‘ही सैल नव्हतीच.’

मला कळेना तो कधीचं बोलतोय.

‘त्या दिवशी. मी घरी आलो ना, तर बाज ताणलेली होती. दोरी अजून ओली होती. सकाळीच आवळली असंल तिनं, दवाखान्यात निघायच्या आधी.’

‘मग तुम्ही काय केलं?’

‘सोडली. आन् परत बांधली.’ त्यानं पायथ्याची गाठ चाचपली. ‘तिनं सांगितलं व्हतं ना. बांधताना लई रडलो. तिथं तुझ्यासमोर रडता आलं नसतं.’

नऊ वर्षं त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. जिजींनाही नाही. त्याही कधी ‘आवळलीस का’ म्हणून विचारायला गेल्या नाहीत.

म्हणजे त्यांना सगळं कळत होतं, असं मला त्या रात्री वाटत राहिलं. सकाळी पुन्हा गोंधळ. माझं पाणी तर चहाच्या वेळी गेलं आणि आम्ही तडक निघालो. मग बाज त्यांनी कधी आवळली? मी उठायच्या आधी? तेव्हा त्यांना कसं कळलं होतं? का त्या रोजच आवळायच्या आणि मी कधी पाहिलंच नाही? का मी त्या घरात आल्यापासून, दर सकाळी, काहीतरी विपरीत होईल म्हणून त्या तयारी करून ठेवायच्या, आणि ती आरडाओरड, ती गॅसची बटणं, तो गल्लीच्या तोंडाशी उभं राहण्याचा प्रकार, हे सगळं त्यातलंच होतं? शांत राहणं म्हणजे काय, हे मला अजूनही सांगता येणार नाही. त्या शांत होत्या की नाही, तेही नाही. एवढंच माहीत आहे की, त्यांनी माझी भीती काढून घेतली आणि बदल्यात मला भांडण दिलं, आणि मी नऊ वर्षं त्यांना त्या भांडणाबद्दल बोल लावत राहिले. चटणीत मी अजून दोनच चमचे टाकते. ती खारट होते.

आईला मी बाजेचं सांगितलं. तिनं फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘मला निदान खरं सांगायचं असतं.’ तिचंही बरोबर आहे.

परवा जिजींना जाऊन महिना झाला. जेवणं आटोपली, ओवी शेजारी खेळायला गेली. विकास पेला घेऊन स्वयंपाकघरात आला, पाणी न पिता बाहेर गेला, पुन्हा आला. गेटपाशी जाऊन गल्लीच्या तोंडाकडं बघत उभा राहिला. तिथं कुणी येणार नव्हतं. परत आला तेव्हा त्याचा चेहरा जिजी गेल्या त्या दिवशी दारात होता तसाच होता. मी भांडी घासत होते. हात न थांबवता म्हणाले, ‘अहो, वरची बाज सैल झालीय. जरा आवळून या.’

बाज सैल झालेली नव्हती. सकाळीच मी तिच्यावर बसून आले होते.

त्यानं पेला ओट्यावर ठेवला. मग त्यानं मोरीतून पाण्याचा तांब्या भरून घेतला, दोरीला मारायला, आणि जिना चढून वर गेला. मी नळ जरा मोठा सोडला आणि खालीच थांबले.