वसंतभाऊंच्या छापखान्यातली मेमरी

जळगाव जामोदला माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. हे काम मी कुठं शिकलो नाही, मशीन उघडत-बिघडवत आलं. माल विकला की संपतो. गिऱ्हाईक मात्र किस्से ठेवून जातं, आणि ते काही खपत नाहीत. एकट्या वसंतभाऊंचेच इतके आहेत.

वसंतभाऊंचा लग्नपत्रिकांचा छापखाना. त्यांच्या साऱ्या जुन्या पत्रिका एका मराठी प्रोग्राममध्ये, आणि तो चालतो फक्त जुन्या विंडोजवर. ऐन सिझनच्या तोंडावर त्यांचं मशीन बसलं. त्यात समोरच नवा छापखाना उघडलेला. मी नवीन मशीन दिलं आणि त्याच्या आत जुन्या विंडोजचं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे नुसतं सॉफ्टवेअरचं मशीन, टाकलं. आठ जीबी मेमरीतली एक जीबी आतल्याला दिली.

"मंजे एकाच्या पैशात दोन मशीन?" वसंतभाऊंनी विचारलं.

"हाव."

"मंग एक काढून दे, घरी नेतो."

*

आठवड्याने फोन आला. "भाऊ, माऊस बी हालत नाही."

जाऊन पाहतो तर सेटिंगमधली मेमरीची पट्टी टोकापर्यंत ओढलेली. जवळजवळ आठही जीबी आतल्याला!

"काम आतला करते," वसंतभाऊ म्हणाले. "बाहेरचा बसून खाते. त्याले कायले द्यायची?"

"बाहेरचाच उपाशी मेला तं आतल्याले वाढन कोण?"

पुन्हा एक जीबी करून दिली.

*

मग पत्रिकेवरच्या गणपतीचे रंग डागडाग दिसू लागले. व्हिडिओ मेमरी वाढवली, रंग खुलले. दुसऱ्या दिवशी आतली स्क्रीन काळीठिक्कर! वसंतभाऊंनी थ्रीडीच्या चौकटीत टिक केली होती.

"म्हटलं, गणपती उठून दिसन."

त्यांच्या बायकोने, शोभावहिनींनी, आतल्या खोलीतून ऐकलं. "आता गणपती अन् आपण, सारेच अंधारात."

टिक काढायला गेलो तर सेटिंग फिक्कट, हात लावू देईना. मी म्हटलं, "वहिनी, हे आतलं मशीन पुरं बंद केल्याबिगर काहीच बदलत नाही."

"हे बी तसेच हायेत," वहिनी म्हणाल्या. "जागेपणी काही बदलून घेत नाहीत."

*

सिझन सुरू झाला. पत्रिकेतलं एक नाव हलवलं की पान पुन्हा दिसेपर्यंत एक चहा होई. समोरचा छापखाना मात्र बसल्या जागी पान दाखवी.

"गिऱ्हाईक उठून समोर चाल्लं, भाऊ," वसंतभाऊ म्हणाले. "हा सिझन गेला तं शटर खाली."

मी मशीनमध्ये आणखी मेमरी टाकली आणि आतल्याला तीन जीबी दिली. पान झटक्यात येऊ लागलं.

चौथ्या दिवशी वसंतभाऊ दुकानात हजर. "मेमरी कमी कर."

"काऊन?"

"काल एका लग्नाची माणसं आली. मामाचं नाव वर घेतलं, लगेच दिसलं. काका रुसले. काकाले वर घेतलं, लगेच दिसलं. मामा उठून चाल्ले. दिवसभर हेच. अजून पत्रिका छापली नाही. दोन पार्ट्या बाकावर बसून बसून वापस गेल्या. पहिले नाव हलाले येळ लागे, तवर चहा ये, अन् चहात सारे राजी होत."

"अन् समोरचा?"

"त्याच्याकडे तं परवा हाणामारी झाली."

छापखान्यात जायला मी लॅपटॉप बॅगेत टाकत विचारलं, "मंग किती ठेवू?"

वसंतभाऊंनी बोटांवर मोजलं.

"एका चहाची ठेव. मामा लय तापट असला तं मी फोन करतो."