आत्तीनं बोट ठेवलेलं पान

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. आत्तीचं तेरावं होऊन महिना झाला; रोज वही काढतो, पुन्हा ठेवून देतो. आज लिहितो — जमेल तसं.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. आमचं गाव कवठे महांकाळच्या बाजूचं. तिथं दर दोन-तीन वर्षांनी बैलावर बसून हेळवी येई आणि आपल्या वहीतून आमच्या पिढ्यांची नावं म्हणून दाखवी. पुरुषांचीच. लेकीबाळींची नावं त्यात नसत. सुपातले जोंधळे त्याच्या झोळीत ओतताना आत्ती म्हणायची, "तुज्या बैलाचं तरी नाव हाय का रं त्यात? का त्योबी माज्यागतच?" सगळे हसत. तीही हसे.

मी सांगलीला शिकून मास्तर झालो. लढाईच्या वर्षांत कागद मिळेना, तेव्हा जुन्या वह्यांतली कोरी पानं शिवून मी घराण्याची हकीकत लिहायला घेतली. निम्म्याहून अधिक आत्तीनंच सांगितली. मोठ्या दुष्काळात आजोबा अंथरुणाला खिळले, तेव्हा ती सरकारी कामावर खडी फोडायला गेली — चौदा वर्षांची. दोन धाकट्या भावांना तिनं जगवलं. त्यातले एक माझे वडील. सांगून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "माजं नाव घालशील न्हवं?"

घातलं होतं. खरंच घातलं होतं. पण मग — कसं सांगू? — माझं लग्न ठरत होतं. उंब्रजचे पाहुणे बोलणी करायला येणार, मोठ्या घरातले. त्यांच्यासमोर वही वाचायचं मीच ठरवलं, आणि आदल्या दिवशी ते पान फाडलं. नवं लिहिलं: आजोबांनी पेव उघडून गावाला धान्य वाटलं, त्यांचा सर्जा बैल गाडी ओढत वाडीवाडीला फिरला. असं लिही, असं मला कुणी म्हणालं होतं का? कुणीच नाही.

पाहुण्यांनी वाहवा केली. वडील खाली मान घालून ऐकत राहिले. आत्ती दाराआड होती. पाहुणे गेल्यावर ती चुलीपुढून उठून आली, बोटं हळदीनं पिवळी.

"खडीचं वाचलं न्हाईस, बरं केलंस. पावण्याम्होरं कशाला? पर नाव लिवलंस न्हवं? कुटं हाय, दाव की."

तिला वाचता येत नव्हतं. मला ते ठाऊक होतं. मी तिचं बोट धरलं आणि पानावर टेकवलं — सर्जाच्या नावावर.

"एवडंसंच दिसतंय व्हय," ती म्हणाली आणि कितीतरी वेळ बोट उचललं नाही.

पुढं सणासुदीला ती वही मागून घ्यायची, हळदीचा डाग शोधायची, शेजारणींना दाखवायची. हेळवी आला तेव्हा त्यालाही दाखवलं. "आता मीबी हाय गड्या, वहीत." त्याला वाचता येत होतं. त्यानं पान पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "व्हय आक्का, हाय की."

तेव्हा तरी मी बोलायचं होतं. नाही बोललो. त्यानंतर ती तीन वर्षं जगली. त्या तीन वर्षांत रोज सकाळी तिनं मला चहा दिला.

तिचं नाव हौसा. डाग सर्जाच्या नावावर आहे.