टेबलाच्या पलीकडून

माझी मावशी एकवीस वर्षं नकाशा कार्यालयात डोंगर काढत होती, चढली मात्र एकही नाही. तिच्याकडे फक्त समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी रेषा. नावं, आकडे, रस्ते दुसऱ्यांच्या कागदावर. रेषा सैल म्हणजे सोपा उतार, दाटीवाटीनं म्हणजे कडा, हे तिनं मी तिथं नोकरीला लागले त्या पहिल्याच दिवशी माझ्याकडून घोटून घेतलं. कागदाच्या वरच्या कडेपर्यंत हात पुरत नाही, म्हणून ती सरळ टेबलाच्या पलीकडे जाऊन बसायची आणि तिथून रेषा ओढायची.

काकांच्या पायाला निवृत्तीपासून भिंगरी. एका दुपारी कार्यालयात मावशीला त्यांचा फोन आला. डोंगरात वाट चुकली होती, पाणी संपलं होतं आणि फोनही शेवटच्या घटका मोजत होता.

"आजूबाजूला काय दिसतंय? नीट सांगा."

"दोन टेकाडं. मधल्या खिंडीत मी."

मावशीला ती खिंड लगेच सापडली. काका गेले होते त्याच डोंगराचा कागद नेमका समोर होता. डाव्या हाताला रेषा सैल, उजव्या हाताला दाट. डावीकडे म्हणजे पश्चिमेला. "ऊन तोंडावर घेऊन उतरा. खाली रस्ता लागेल."

माझ्याकडे बघून तिनं कॉलर ताठ केली. पाच मिनिटांनी काका म्हणाले, "अगं, इथं जमीनच संपली. खाली झाडांचे शेंडे दिसतायत."

मावशी पांढरीफटक पडली. ती टेबलाच्या पलीकडे, उलट्या नकाशासमोर बसली होती. तिची डावी बाजू म्हणजे पूर्व! नवऱ्याला तिनं कड्यावर धाडलं होतं.

"मागे फिरा! ऊन पाठीवर घ्या! चुकलं माझं!"

फोन बंद. त्यांनी ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. पुढचा दीड तास आम्ही दोघींनी एक रेषासुद्धा ओढली नाही.

मग अनोळखी नंबर. "रस्त्यावर आहे. ट्रकवाल्याच्या फोनवरून बोलतोय."

माझा जीव भांड्यात पडला आणि मी भर कार्यालयात भोकाड पसरलं.

संध्याकाळी काका पाय शेकत बसले होते. मावशीनं विचारलं, "एकदा कड्यावर पाठवलं, तरी दुसऱ्यांदा माझं कसं ऐकलंत?"

"चुकलं म्हणालीस ना," काका म्हणाले. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच म्हणालीस. म्हटलं, आता नक्की खरं सांगतेय."