शूटिंग : व्यंकट

लग्नाची कॅसेट नवरीच्या बापाला दाखवतानासुद्धा व्यंकटराव दुकानाला आतून कडी लावत. लातुरात त्यांच्या शेजारीच माझं झेरॉक्सचं दुकान. कॉपी काढून पोट भरणारा माणूस, म्हणून त्यांच्या लेखी पहिला संशयित मीच. चहा प्रेमाने पाजत, पण माझ्याकडे पाठ करून कधी बसत नसत.

"नाव पुसलं की माल चोराचा," असं त्यांचं म्हणणं. म्हणून पडद्याच्या बरोबर मधोमध 'शूटिंग : व्यंकट' अशी जाड पिवळी अक्षरं पहिल्यापासून शेवटपर्यंत असत. नवरानवरी त्यामागे कुठेतरी. गिऱ्हाइकाने कुरकुर केली की म्हणत, "खाली टाकलं तर लोक कापतेत की!" नावाची प्रत तयार झाली की बिननावाची मूळ कॅसेट ते स्वतःच्या हाताने पुसत. चोराच्या हाती काही लागायलाच नको.

पुढे भूकंप झाला, गावात क्लासेसचं पेव फुटलं, कॅसेटी गेल्या आणि जो तो मोबाइल घेऊन फिरू लागला. एक दिवस व्यंकटरावांना मोबाइलवर एक छोटासा तुकडा दिसला. शूटिंग त्यांचंच, त्यावर कुणा बाईच्या आवाजातली ओवी, आणि नाव गायब. "बघा, दिवसाढवळ्या चोरायलेत! नोटीसच धाडतो," म्हणत त्यांनी मला साक्षीदार म्हणून ओढत नेलं. तुकडा टाकणारी सुवर्णा एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची.

ती घाबरली नाही. "काका, ही माझी आई. भूकंपात गेली, मी सहा महिन्यांची होते. ओवी मीच रचलीय." तिने मामाकडच्या कॅसेटवरून उतरवलेलं अख्खं चित्र दाखवलं. चेहरा जवळून दिसेल असं ते एकच दृश्य होतं, आणि त्यात नाव नवरीच्या नाकापासून हनुवटीपर्यंत आडवं आलं होतं. ते कापल्यावर फक्त डोळे आणि कपाळ उरत होतं.

"घर पडलं त्यात फोटो एकबी राहिला न्हाई. तुमच्याकडं बिननावाची कॅसेट असंल ना?"

मला तिथे बसवेना. व्यंकटरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पुसली. मीच पुसली, माय."

"मग सांगा तरी. आई हसायची कशी?"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता काहीतरी गोड रचून सांगतील. मी असतो तर सांगितलं असतं.

"आठवत न्हाई," ते म्हणाले. "मी निस्तं माझं नाव नीट बसलंय का, तेवढंच बघत होतो."